चार मिलिमीटरचा क्लच

माजलगाव, जि. बीड
मे महिन्यातली दुपार, लाइट गेलेली

किटकार महाशयांस,

साष्टांग नमस्कार. याला पत्रातला मायना समजू नका. मध्यंतरी अकरा दिवस मी शहाबादी फरशीवर पालथा पडून, कपाळ टेकून, एका हातात बॅटरी धरून होतो. या अवस्थेत माणसाच्या हातून घडतो त्या नमस्काराला आमच्याकडं साष्टांगच म्हणतात. तुमच्या स्कूटरचं क्लचचं लिव्हर हरवलं होतं. लांबी चार मिलिमीटर, जाडी घोड्याच्या केसाएवढी, रंग फिकट पिवळसर, म्हणजे नेमका आमच्या घरात सांडणाऱ्या ज्वारीच्या कोंड्याचा.

तुमचं नाव या पत्रात कुठंही येणार नाही, निश्चिंत असा. उगाच कुणी वाचून मागवायचा. तुम्ही सातासमुद्रापलीकडं राहता एवढंच सांगतो. किटची किंमतही सांगत नाही, कारण आमच्या घरात पेपर वाचतात.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. हे महाशय करंगळीएवढ्या स्कूटरचे सुटे तुकडे रेझिनमध्ये ओततात आणि डबीत घालून विकतात. घेणाऱ्यानं ते कापायचे, तासायचे, जोडायचे, रंगवायचे. माप एकास पस्तीस. या ३५ च्या आकड्यामागं काहीतरी थोर गणित असेल असं मला बरेच दिवस वाटायचं. तसं काही नाही. साठच्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या तामियानं पँथर रणगाड्याचं मॉडेल काढलं. त्याच्या पोटात मोटर आणि सेल मावायला हवे होते. ते मावतील एवढा रणगाडा केला, मग मोजून पाहिला, तर निघाला एकास पस्तीस. पुढं जगभरच्या लष्करी मॉडेलांनी तेच माप धरलं. थोडक्यात, माझे डोळे जपानी सेलच्या मापापायी गेले.

आणि हे लष्करी माप असल्यामुळं त्यात भाजी आणणारी साधी स्कूटर मिळेना. मला हवी होती चेतक. तुमच्याकडं निघाली फ्रेंच छत्रीधारी सैनिकांची व्हेस्पा १५० टॅप. १९५६ पासून फ्रान्समध्ये अशा काही शे स्कूटर बनल्या. सीटखालून ७५ मिलिमीटरची अमेरिकी तोफ आरपार गेलेली, तिची नळी पुढच्या पत्र्यातून बाहेर डोकावणारी, आणि ही सगळी वरात विमानातून पॅराशूटनं खाली सोडायची. हे मी रचलेलं नाही. आमच्या तालुक्यात स्कूटरवरून काय काय गेलंय ते मी डोळ्यांनी पाहिलंय: कडब्याच्या पेंढ्या, शेळी, रुखवताची पेटी, एकदा तर मांडवाचे बांबू. तोफ मात्र राहून गेली होती. म्हटलं हरकत नाही. तोफ काढून टाकू, पत्र्याचं भोक बुजवू, मागं स्टेपनी लावू, झाली चेतक. शेवटी बीज एकच. बजाजनं पिआज्जिओच्या परवान्यावर व्हेस्पा बनवायला घेतली, तो करार संपला आणि १९७२ मध्ये आकुर्डीहून चेतक निघाली. राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव, इटलीचं हाड आणि पुण्याचा पत्रा.

अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, ती बुक केली तेव्हा मी पाटी घेऊन शाळेत जात होतो. ती दारात आली तेव्हा मला मिसरूड फुटलं होतं. त्या काळी दहा-दहा वर्षं नंबर लागत नसे, यात अतिशयोक्ती नाही. तुमची डबी अठ्ठावीस दिवसांत आली. यावरून तुमचा कारभार वेगवान आहे असा माझा समज झाला. आता कळतंय, ज्याला दहा वर्षं वाट बघायला लावतात त्याला निदान चालणारी वस्तू देतात.

चेतकची एक गोष्ट तुम्हाला सांगितली पाहिजे, कारण तुमच्या डबीत नेमकी तीच सापडत नाही. ती बिघडायची. रोज बिघडायची म्हटलं तरी चालेल. पण ती ज्याच्या त्याच्या हातानं नीट व्हायची. सकाळी चालू झाली नाही की अण्णा तिला अंगावर घेऊन आडवी करायचे, सरळ करायचे, एक किक. तरी नाही तर प्लग काढायचा, उंबऱ्यावर घासायचा, फुंकर मारायची. क्लचची वायर तर तुटण्यासाठीच जन्माला आलेली. म्हणून एक जादा वायर डिक्कीत कायम. पण लिव्हर? लिव्हर तुटलेलं मी जन्मात पाहिलं नाही. पुरुषोत्तमपुरीच्या रस्त्यावर एकदा आम्ही पाच जण आणि अर्धं पोतं ज्वारी असे आडवे झालो. लिव्हर वाकून हँडलला चिकटलं. अण्णांनी गोदावरीकाठचा एक गोटा उचलला, तीन ठोके घातले आणि आम्ही अंधाराच्या आत माजलगावात. ते दगडाच्या खुणा असलेलं लिव्हर गाडी भंगारात जाईपर्यंत तसंच चाललं.

तुमचं लिव्हर मी दगडानं ठोकलं नाही. मी त्याच्याकडं बघितलं.

ही स्कूटर मुळात ज्यानं आखली त्या कोराडिनो द’आस्कानिओचं नाव तुम्ही ऐकलं असेल. डबीवर त्याचा उल्लेख नाही, म्हणून विचारतो. विमानांचा इंजिनिअर, हेलिकॉप्टरच्या ध्यासाचा माणूस, मोटारसायकल त्याला आवडायची नाही. १९४६ मध्ये व्हेस्पा निघाली तेव्हा त्यानं पुढचं चाक दोन बाजूंनी चिमट्यात न धरता एका बाजूनं धरलं, विमानाच्या चाकासारखं. का? तर वाटेत पंक्चर झालं तर कुणालाही चाक चटकन काढता यावं. तुम्ही त्याचा हेतू पूर्ण पाळलात. पुढचं चाक ज्या दांडीवर बसवायचं ती तुम्ही इतकी नाजूक ओतलीत की पंक्चरचीही वाट बघावी लागली नाही. शर्टाच्या गुंडीएवढं ते चाक मी दांडीवर टेकवलं आणि दोन्ही वस्तू एकमेकांचा निरोप घेऊन वेगवेगळ्या दिशांना गेल्या.

आता डबीत काय होतं ते बघू. मोजले तर ३३ तुकडे. आकडा बघून मी चमकलो. आमच्याच तालुक्यात गोदावरीकाठी पुरुषोत्तमाचं जुनं देऊळ आहे. अधिक मास आला की तिथं जत्रा लोटते, आणि त्याच महिन्यात घरोघर जावयाला ३३ अनारसे वाण देतात. जाळीदारच वस्तू द्यायची हा त्यातला नेम. तुम्हीही मला जावई समजलात, हे बघून भरून आलं. कारण ३३ तुकड्यांपैकी निम्म्यांना खरोखर जाळी होती. पुढच्या पत्र्यात तोफेचं एक भोक असणार हे मला माहीत होतं; उरलेली अकरा तुमची भेट. अनारशाला जाळी पडली तर सासूचं कौतुक होतं. स्कूटरच्या पत्र्याला पडली तर त्याला आमच्याकडं गंज म्हणतात.

ती का पडली हेही सांगतो, म्हणजे दर वेळी हवामानाला दोष द्यायला नको. रेझिनचे दोन भाग एकत्र केले की त्यात हवा शिरते. काम मनावर घेणारा माणूस ती निर्वात डब्यात ठेवून काढतो, नाहीतर दाबाखाली ओततो म्हणजे बुडबुडे चिरडून जातात. यापैकी काहीच न करणारा माणूस पुठ्ठ्यावर ‘हस्तनिर्मित’ असं छापतो. दुसरं, रबरी साचा काही डझन वेळा वापरला की फाटायला लागतो आणि त्याच्या कडा वस्तूवर उमटतात. माझ्या सीटवर उमटलेली चिरफाड बघता, तुमचा साचा माझ्या वयाचा असावा आणि माझ्यासारखाच निवृत्त व्हायला हवा होता. आमच्याकडं पेणला गणपती करतात, तेही रबरी साच्यांतून. त्या साच्यातून उंदराची शेपूटसुद्धा अखंड निघते. मग तो उंदीर ट्रकमध्ये गवतात बसून, घाट उतरून-चढून, आमच्या माजलगावच्या मांडवात शेपटीसकट हजर होतो. तुमची स्कूटर थर्माकोलच्या गादीवर विमानानं आली आणि स्टँडचा एक पाय वाटेतच गळाला.

माहितीपत्रक मात्र सुबक आहे. एक फोटो, त्यात पूर्ण झालेली स्कूटर, खाली एक ओळ: काळजीपूर्वक जोडा. बस्स. कुठला तुकडा कुठं, आधी कोण, नंतर कोण, याचा पत्ता नाही. त्याखाली बारीक अक्षरात: वायरी आणि केबल ग्राहकानं स्वतः तयार कराव्यात. जेवायला बोलवायचं आणि भाकरी तेवढी घरून आणा म्हणायचं, यातलाच हा प्रकार. मी चाळीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. परीक्षेला ‘एक सुंदर निसर्गचित्र काढा’ एवढाच प्रश्न घालणारे सहकारी मला भेटलेत. ते परदेशात कुठं स्थायिक झाले हे आत्ता समजलं.

एक गोष्ट चेष्टेनं लिहिण्यासारखी नाही. रेझिन तासताना जी पांढरी पूड उडते ती फुप्फुसांत जायला नको. पाणी लावून घासायचं आणि तोंडाला मास्क बांधायचा. साच्याला लावलेलं तेलकट द्रव्य तुकड्यांवर राहतं, ते भांड्याच्या साबणानं धुतल्याशिवाय ना गोंद धरतो ना रंग. या दोन ओळी तुम्ही छापल्या नाहीत. माझ्या शेजारचा सातवीतला मुलगा माझ्याबरोबर घासायला बसला होता. त्याला मी स्वतःच्या अकलेवर मास्क दिला. तुम्ही शाईचे चार पैसे वाचवलेत.

गोंदाकडं येऊ. प्लॅस्टिकच्या मॉडेलांचा गोंद प्लॅस्टिक विरघळवून जोडतो. रेझिन त्याला दाद देत नाही. म्हणून फेविक्विकच्या जातीचा गोंद लागतो. हा गोंद दुसऱ्या महायुद्धात कोडॅकच्या हॅरी कूव्हरला बंदुकीचा नेम धरायच्या साधनांसाठी पारदर्शक पदार्थ शोधताना सापडला. जिथं लागेल तिथं चिकटतो म्हणून वैतागून त्यानं तो बाजूला ठेवला आणि बाजारात यायला १९५८ उजाडलं. याची गंमत अशी की हा हवेतल्या ओलाव्यानं धरतो. आता माजलगावचा मे डोळ्यांपुढं आणा. पारा ४२ वर. धरणाचं पाणी मागं मागं सरकलेलं, हवा पापडासारखी कोरडी. पंखा लावावा तर तुकडे उडतात, बंद करावा तर घाम फुटतो. म्हणजे ओलावा गावात एकाच ठिकाणी शिल्लक, माझ्या बोटांच्या शेंड्यांवर. त्यामुळं हँडल स्कूटरला न चिकटता मला चिकटलं. दोन तास मी डाव्या हाताच्या तर्जनीवर व्हेस्पाचं हँडल मिरवत होतो. अशात दूधवाला आला, त्याला मी उजव्या हातानं पैसे दिले. त्यानं विचारलं, “काय झालं सर, लागलं का?” मी म्हटलं, “हँडल बसवायलोय.” तो पुढं काही न बोलता गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं दूध जरा जास्त घातलं.

आणि मग ते लिव्हर. ब्रेकचं लिव्हर रेझिनच्या ज्या फांदीला जोडून आलं होतं तिच्यावरून कापतानाच त्याचे दोन तुकडे झाले होते, म्हणून क्लचच्या वेळी मी श्वास रोखून धरला. चिमट्यानं धरलं. चिमटा किंचित जास्त दाबला गेला. टिक असा आवाज झाला आणि ते गेलं. नुसतं गेलं. वर गेलं, की खाली, की मागच्या जन्मात, कळलं नाही.

मोहिमेत सगळं घर उतरलं. आमच्या मातोश्री ८६ वर्षांच्या. काय हरवलंय हे त्यांना नीट सांगता आलं नाही, पण कसं शोधायचं हे त्यांना सांगावं लागलं नाही. “झाडून घे सगळं, सुपात घाल, पाखडू,” एवढं बोलून त्या उंबऱ्याशी बसल्या. खोलीतला सगळा केर सुपात आला आणि पाखडणं सुरू झालं. तुमच्या कारखान्यात ही तपासणी होत नसणार म्हणून निकाल कळवतो. सुपात मागं राहिलं ते असं: दोन हरभऱ्याच्या डाळी, एक टाचणी, पाटीवरच्या पेन्सिलीचं टोक आणि आमच्या मुलीच्या लग्नात हरवलेली कुडीची फिरकी. लग्नाला नऊ वर्षं झाली. तुमचं लिव्हर कोंड्याबरोबर अंगणात उडालं असावं. ही वस्तू पाखडली तर दाण्यात राहत नाही, हे तुमच्या डबीवर छापायला हरकत नाही.

सौभाग्यवती हे सगळं शांतपणे बघत होत्या. “अहो,” त्या म्हणाल्या, “खरी स्कूटर आणली असती तर एवढ्या दिवसांत मी चालवायला शिकले असते.”

डबीच्या झाकणावर तुम्ही अभिमानानं लिहिलंय की प्रत्येक भाग मापाशी प्रामाणिक आहे. बरोबर आहे. खरं लिव्हर साधारण सेंटीमीटरभर जाड; त्याला पस्तिसानं भागलं की पाव मिलिमीटरच्या जरा वर. हिशोब चोख. पण लांबी ३५ पट कमी झाली की जाडीचा छेद १,२२५ पट कमी होतो, आणि लिव्हरची ताकद त्या छेदावर उभी असते. त्याचं स्वतःचं वजन तर ४२,८७५ पट उतरतं, त्यामुळं एकटं पडून असेल तोवर ते मजेत असतं. अडचण अशी की त्याला धरणारं माझं बोट तुम्ही लहान केलं नाहीत. दीड सेंटीमीटर रुंदीचं हे बोट तुमच्या स्कूटरच्या जगात अर्ध्या मीटरचा खांब होतं. अण्णांच्या चेतकवर विजेचा खांब अलगद टेकवून बघा म्हटलं तर तीही वाकली असती. हे प्रत्येक ओतारी जाणतो. म्हणून शहाणा कारागीर अशा जागी तोंड न उघडता थोडी लबाडी करतो: लिव्हर जरा जाड ठेवतो, किंवा पितळी पत्र्याचं देतो, किंवा एकाच्या जागी चार देतो. तुम्ही प्रामाणिक राहिलात. आणि तोफ, जी मला नको होती, ती मात्र तुम्ही ठणठणीत ओतलीत. ती मी जमिनीवर आपटून बघितली. काही झालं नाही.

गॅरेजवाल्या मिस्त्रींना बिनलिव्हरची गाडी दाखवली. हे अण्णांच्या चेतकचे मिस्त्री. आता दिवसभर मोपेड आणि बाइकचं काम असतं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, गाडी तळहातावर फिरवली. “चाकं लहान हायत सर. चेतकला दहा इंची.” मी मान्य केलं. मग त्यांनी तिला तळहातावर हळूच आडवी केली, पुन्हा सरळ केली, आणि माझ्याकडं बघितलं. बघा, हा माणूस निदान उपचार तरी करून बघतो.

पुढचं काम सराफ बाजारात झालं. सापडलेली फिरकी कुडीला बसवायला न्यायची होती, म्हणून आमच्या ओळखीच्या सोनाराकडं गेलो. खिशात काडेपेटी, काडेपेटीत तुमची स्कूटर. त्यानं फिरकी भिंगाखाली धरली, कुडीवर फिरवली. नऊ वर्षं फरशीच्या फटीत राहूनही तिचे आटे शाबूत. तीन मिलिमीटरची वस्तू, आत मळसूत्र कोरलेलं, याच गल्लीत हातानं केलेली. मग मी चोरट्यासारखी काडेपेटी पुढं केली आणि काय हवं ते सांगितलं. “एवढंच का?” तो म्हणाला. चांदीची बारीक तार घेतली, भोकांच्या पोलादी पट्टीतून दोन वेळा ओढून आणखी बारीक केली, टोकाला फुंकणीची ज्योत नुसती दाखवली. चांदी वितळून आपोआप गोल झाली आणि लिव्हरच्या टोकाला असतो तसा नेमका गोळा तयार. चिमट्यानं हलका बाक दिला. एक क्लचचं, एक ब्रेकचं. पाच मिनिटंही झाली नाहीत. तुकडे काट्यावर ठेवले तर काटा हलेना. वजनात येत नाही म्हणून त्यानं पैसे घेतले नाहीत.

तर आता माझ्या चेतकला चांदीचा क्लच आहे. मी तो रोज एकदा बोटानं दाबून बघतो. वाकतो, पुन्हा सरळ करतो. पत्र्याची बारा भोकं पुट्टीनं बुजवली, निळा रंग दिला. मागं स्टेपनीच्या जागी शर्टाची खरीखुरी गुंडी आहे, आणि तुमच्या चाकापेक्षा तीच जास्त गोल दिसते. तोफ शेजारच्या मुलाला दिली. कंपासपेटीत ठेवून तो ती शाळेत नेतो आणि अजून ती तुटलेली नाही.

माझ्या मागण्या फार नाहीत. पैसे परत नकोत. साचा फेकून द्या. मास्क आणि साबणाच्या त्या दोन ओळी छापा. आणि आमच्या सोनाराचा पत्ता हवा असेल तर कळवा. लिव्हर करून घ्यायला माणूस पाठवा, चहा आम्ही पाजू.

पुरावा म्हणून तुमच्या ब्रेकच्या लिव्हरचा मोठा तुकडा, लांबी अडीच मिलिमीटर, या पाकिटात सोबत धाडला आहे. तो कशाला चिकटवलेला नाही, कागदात गुंडाळलेलाही नाही. पाकीट उघडताना पंखा बंद ठेवा.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक